मोटारीला वरताळा चालत नाही

मोटारीच्या इंजिनात तेल घालताना हात कुठे थांबवायचा, एवढेच माझे काम. त्यात लिहिण्यासारखे काय आहे, असे मलाही वाटते. पण हे काम करताना मला फार थोड्या माणसांनी पाहिले, कारण कोणी पाहायच्या आत ते उरकायचे असे. आता कंबर धरते, वाकवत नाही. बोलून सांगायची मला सवय नाही. म्हणून दुपारी घरात कोणी नसले की थोडे थोडे लिहिते.

आमचे घर तेल्याचे. मी लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा घरचा घाणा फिरत होता. चौथी झालेली सून आणली म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, गल्लीभर कौतुक सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी मला पेंड फोडायला बसवले. पुढे यंत्रावरचे स्वस्त तेल मिळू लागले. आमचा बैल म्हातारा होऊन गेला, त्याच्या जागी दुसरा आणलाच नाही. आमचे हे कापडाच्या गिरणीत लागले आणि घाण्याची छपरी रिकामी पडली.

गल्लीच्या तोंडाशी गुरप्पा मालक राहत. त्यांनी सोलापूर ते मंद्रूप अशी सर्व्हिस मोटार काढली आणि ती ठेवायला आमची छपरी भाड्याने मागितली. ज्या दाराने बैल बाहेर गेला त्या दाराने मोटार आत आली. चौकट थोडी तोडावी लागली.

मालकांना आत्याबाईंच्या हाताची पारख होती. ते म्हणाले, "भागाबाई, इंजनाच्या तेलाचं काम तुमीच बगा. डायवर लोक निम्मं भुईवर सांडत्यात. तुमच्या हातनं थेंब पडत न्हाई."

"घाण्याचं काय आन् इंजनाचं काय," आत्याबाई म्हणाल्या, "तेल ते तेल."

"एवढं एक बगा," मालक खाली बघत म्हणाले, "उतारू यायच्या आत आटपत जावा."

कारण त्यांनी सांगितले नाही आणि आम्हाला सांगायची गरजही नव्हती. प्रवासाला निघताना तेलीण समोर येऊ नये असे लोक मानतात. मालक गेल्यावर आत्याबाई मला म्हणाल्या, "आन् आपुन गावाला निघायचं झालं तर? डोळं मिटून निघायचं का काय?" त्या हसल्या, पण काम घेतले. मला तर ते बरेच वाटले. मला माणसांसमोर काम करता येत नाही.

मोटार हाकणारे दस्तगीरभाई. ते पूर्वी टांगा हाकत. बोलणे भरपूर, पण ओरडणे नाही. इंजिनाचे तेल म्हणजे काय, हे आम्हाला त्यांनी शिकवले. इंजिनाच्या पोटात लोखंडावर लोखंड फिरते. मध्ये तेलाचा पातळ पदर असला तर ते फिरत राहते. तेल कमी पडले की लोखंड तापते, एकमेकाला धरते आणि इंजिन जागीच जाम होते. मग ते उघडायला मुंबईचा माणूस लागतो. कमी तेलाचे भय सगळ्यांनाच कळते. जास्त तेलाचे लवकर कळत नाही. तेल जास्त झाले की ते वर उडते, जिथे जाळ होतो तिथे जाऊन जळते, मागून निळा धूर निघतो, प्लगवर काजळी धरते आणि मोटार चढावर खोकायला लागते.

त्या पहिल्या मोटारीच्या पोटाखाली दोन तोट्या होत्या, एक वर आणि एक खाली. इंजिन रात्रभर उभे राहिले म्हणजे वर उडालेले तेल निथळून खाली बसते. मग खालची तोटी उघडायची. तेल आले नाही तर इंजिन उपाशी आहे. वरची उघडायची. तेल आले तर पोट जास्त भरले आहे. खालच्या तोटीतून यावे आणि वरच्या तोटीतून येऊ नये, एवढीच परीक्षा. मी बारीक होते, म्हणून मी मोटारीखाली आणि आत्याबाई वर नरसाळे धरून. कासोटा आवळून मी पाठीवर सरकत आत जाई. तिथे मला कोणी पाहत नसे. एखादा उतारू लवकर आलाच तर मला त्याचे पाय तेवढे दिसत. पुढे पुढे मी मंद्रूपच्या कितीतरी लोकांना पायांवरून ओळखू लागले. त्यांची तोंडे मला आजही माहीत नाहीत.

सुरुवातीला आमचा अंदाज रोज चुके. खालची तोटी कोरडी निघे आणि तेल तर पुष्कळ घातलेले. दस्तगीरभाई दोन दिवस डोके खाजवत होते. मग त्यांनी भुईकडे पाहिले. बैलाने जन्मभर फिरून छपरीत गोल खळगा पाडला होता आणि मोटारीची दोन चाके त्यात उतरली होती.

"मावशी, गाडी तिरकी झाली म्हणून तेल तिरकं होत नाही," ते म्हणाले. "ते आपलं सरळच राहतं. म्हणून एकीकडं जास्त दिसतं, एकीकडं कमी. हा खड्डा बुजवा."

आत्याबाईंनी बरेच दिवस खळगा बुजवू दिला नाही. मोटार बाहेर सपाट जागेवर ढकलून आणून आम्ही तेल बघत असू. एके दिवशी त्यांनी स्वतःच मुरमाच्या पाट्या आणल्या आणि खळगा बुजवला.

आता वरताळा. तेल्याच्या दारात गिऱ्हाईक आले की माप काठोकाठ भरून त्याच्या भांड्यात ओतायचे आणि वर आणखी थोडे तेल फुकट घालायचे, त्याला आम्ही वरताळा म्हणतो. आत्याबाईंचा वरताळा पळीचा नसे, चांगला वाटीचा असे. मी नवीन असताना एकदा विचारले होते की माप पुरे झाल्यावर हे कशाला. तेव्हा त्या म्हणाल्या, "माप भरलं म्हंजे नुस्ता हिशेब झाला. गिऱ्हाईक मानूस हाय की, त्याला हिशेबावर वाटंला लावायचं व्हय?"

मोटारीलाही त्या तसेच घालत. मी खालून "बास" म्हणे आणि त्या वरून एक वाटी घालत. पण जुन्या मोटारीत त्याचे काही बिघडत नसे. मी वरची तोटी उघडली की तेवढे तेल खाली धरलेल्या भांड्यात येई.

"मावशी, गाडीनं तुमचा वरताळा परत दिला बघा," दस्तगीरभाई चिडवत. "म्हणते, पोट भरलं, आता नक्को."

"मग गिऱ्हाईक चांगलं हाय," आत्याबाई म्हणत. "जास्तीचं ठिवून घेत न्हाय."

परत आलेले तेल रस्त्याने जाणाऱ्या बैलगाडीच्या आसाला जाई. असे ते सुरळीत चालले होते.

मंद्रूपकडचे एक इनामदार होते. त्यांची स्वतःची मोटार होती आणि ते ती स्वतः हाकत. एकदा वाटेत तेल संपले म्हणून त्यांनी मळ्यातून करडईचे तेल आणून ओतले. मोटार आमच्या दारापर्यंत बैलांनी ओढत आणली. आतले तेल उकळून चिकट झाले होते, जुन्या समईच्या बुडाशी बसते तसे. दस्तगीरभाई ते खरवडत बसले. इनामदार पुन्हा पुन्हा म्हणत, "अहो, पण तेच तेल आम्ही रोज खातो की!" आत्याबाई आतून म्हणाल्या, "तुमी खाऊन झोपता. ती खाऊन पळती." इनामदार स्वतःच मोठ्याने हसले. ते पुढेही येत राहिले, पण त्यांनाही मी पायांवरूनच ओळखते.

नंतर मालकांनी जुनी मोटार विकली आणि मोठी आणली. तिच्यात उतारू जास्त बसत. तिला तोट्या नव्हत्या. इंजिनाच्या कडेला एक भोक आणि त्यात लोखंडी सळई. सळईवर दोन खाचा. सळई ओढून आधी फडक्याने कोरडी करायची, कारण पहिल्यांदा ती बाहेर येते तेव्हा सगळीकडे तेल लागलेले असते, त्यावर भरवसा ठेवायचा नाही. मग ती पुन्हा तळापर्यंत घालायची, काढायची आणि आडवी धरून बघायची. ओल खालच्या खाचेला आली की तेल घालायचे. वरच्या खाचेला आली की थांबायचे. घालायचे तेही थोडे थोडे, नरसाळ्यावर जाळी ठेवून, आणि दर वेळी थोडा दम खाऊन, कारण तेल वरून खाली उतरायला वेळ घेते. घाईने बघितले की कमी दिसते आणि माणूस आणखी ओततो. आता मोटारीखाली जायला नको म्हणून सगळे म्हणाले, बरे झाले. मला बरे वाटले नाही. आता मला उभे राहून काम करावे लागे.

आत्याबाईंच्या डोळ्यांवर तोवर पडदा आला होता. खाचा त्यांना दिसत नसत. मी सळई बघून "बास" म्हणे, आणि माझी पाठ वळली की त्या वाटी ओतत. ज्या दिवशी तेलाची गरज नसे त्या दिवशीही ओतत. म्हणत, "मोकळ्या हातानं गाडी धाडायची न्हाय."

मी एकदा धीर करून म्हटले, "आत्याबाई, ह्या मोटारीला वरची तोटी नाही."

"मग?"

"जास्त झालं तर परत येत नाही."

"मग ऱ्हाऊ दे की तिच्याजवळ."

ज्या बाईने जन्मभर कोणाला मापात कमी दिले नाही, तिला कमी घाला असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

मोटार धूर टाकू लागली. मालक दस्तगीरभाईंना बोलत, की तू चढावर गाडी मारतोस. उतारू वेगळेच बोलत. तेलणीच्या दारातून निघणारी मोटार, तिच्यातून धूर नाही तर काय निघणार? हे बोलणे आमच्या कानांवर येई. दस्तगीरभाई आत्याबाईंना हसवायला म्हणत, "मावशी, तेल तेलणीनं नाही घालायचं तर काय सोनारानं घालायचं?" आत्याबाई हसत, पण आता त्या उतारू यायच्या बऱ्याच आधी आत जाऊन बसत.

दस्तगीरभाईंनी एक उपाय केला होता. गावात धूर निघायचा तो निघे; गावाबाहेर गेल्यावर ते मोटार थांबवत, खालचा नट सैल करून जास्तीचे तेल डब्यात काढत आणि मग पुढे जात. हे त्यांनी आम्हाला सांगितले नव्हते. पण त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला रोज काळे तेल लागलेले असे, आणि आमच्या छपरीत तर त्यांच्या हाताला तेल लागत नसे. मला कळले होते. मला कळले आहे हे त्यांनाही कळले होते. आत्याबाईंना मात्र कळले नव्हते.

कोणा उतारूने मालकांना सांगितले की तुमचा डायवर वाटेत तेल काढून घेतो.

मंद्रूपचा बाजार होता त्या दिवशी. उतारू लवकर आले होते, गाठोडी, कोंबड्या, सगळे. मी अजून बॉनेटपाशीच होते. पदर पुढे ओढून मी भिंतीकडे तोंड केले. आत्याबाई दाराच्या आत बसल्या होत्या. तेवढ्यात मालक आले.

"दस्तगीर, हँडल ठेव खाली."

दस्तगीरभाई मोटार चालू करायला हँडल घेऊन पुढे निघाले होते, ते थांबले. "काय झालं मालक?"

"तेल काढतोस का न्हाई वाटंत? खरं सांग."

"काढतो."

"कशाला?"

दस्तगीरभाईंनी हँडल एका हातातून दुसऱ्या हातात घेतले.

"विकतोस?"

"नाही मालक."

"मग कशाला काढतोस? एकीकडं माज्या इंजनाचा धूर काढतोस, आन् एकीकडं तेल चोरतोस? ठेव हँडल. दुसरा डायवर बगतो मी."

दस्तगीरभाईंनी हँडल खाली ठेवले. त्यांची चार लेकरे होती आणि टांगा कधीच विकलेला होता. त्यांनी एक शब्द सांगितला असता तर सुटले असते. ते आपल्या चपलांकडे बघत उभे राहिले.

आत्याबाई आतून ओरडल्या, "मालक, त्यो चोर न्हाय! माज्या घरात हंड्यावारी तेल उघडं असतंय, कवा बोट लावलं न्हाय त्यानं."

"मग काढतो कशाला, तुमीच सांगा भागाबाई!"

आत्याबाईंना सांगता येईना. मला येत होते. पण मालक होते, बाजाराचे सगळे उतारू होते, आणि मी सांगितले की धूर निघतो तो आत्याबाईंच्या हातामुळे, तर लोक इतके दिवस जे बोलत होते तेच मी घरची सून होऊन खरे करून दिले असते. डोक्यावरून पदर घसरला, तोही सावरायचे सुचले नाही.

मग मी सळई काढली. फडक्याने पुसली. मोटार रात्रभर उभी होती, तेल बसलेले होते. सळई पुन्हा तळापर्यंत घातली, काढली, आडवी धरली आणि तशीच दारापर्यंत नेऊन आत्याबाईंच्या हातात दिली. त्यांचे बोट धरून मी खाचेवर ठेवले.

"ही वरची खाच," मी म्हटले. एवढेच म्हणाले.

आत्याबाईंना डोळ्यांनी दिसत नव्हते, पण बोटांना कळत होते. त्यांचे बोट खाचेवरून वर सरकले. ओले. आणखी वर. तिथेही ओले. दोन बोटे रुंदी वर गेल्यावर सळई कोरडी लागली. बोट परत खाली आले, पुन्हा वर गेले. तेल अंगठ्याने चोळून पाहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. दस्तगीरभाई उभे होते त्या बाजूला तोंड केले.

मग त्या उठल्या आणि उंबरा ओलांडून सगळ्यांच्या समोर बाहेर आल्या.

"मालक, त्याला काय बोलू नगा. त्यो जे काढतोय, त्यो माजा वरताळा हाय."

मालकांना कळेना. तेव्हा आत्याबाईंनी सगळे सांगितले, सून बास म्हणते, मी वाटी घालते, ते परत येत नाही, म्हणून धूर निघतो आणि म्हणून तो काढतो.

उतारूंमधला एक जण मागून म्हणाला, "बगा, म्या म्हनलं नव्हतं? तेलनीचाच हात!"

"व्हय, माजाच हात," आत्याबाई म्हणाल्या. "पर अपशकुन न्हाय त्यो. वरताळा हाय. तुज्या बापानं माज्या दारातनं वाट्या भरून न्हेलाय, घरी जाऊन इचार."

लोक हसले. तो माणूस कोंबड्यांकडे बघू लागला. मालकांनी वाकून हँडल उचलले आणि दस्तगीरभाईंच्या हातात दिले. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. तशी रीतही नव्हती.

"मावशी, मी बोलणार नव्हतो," दस्तगीरभाई म्हणाले.

"तू बोलला न्हाईस म्हनून तर म्या घालत ऱ्हायले, मुडद्या," आत्याबाई म्हणाल्या.

दस्तगीरभाईंनी सगळ्यांच्या देखत तेल वरच्या खाचेपर्यंत उतरवले. उतारू थांबले. मोटार निघाली तेव्हा आत्याबाई आत गेल्या नाहीत. मोटार त्यांच्या समोरून गेली. काहींनी तोंडे फिरवली, काहींनी नाही. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारले, "धूर हाय का गं?"

"नाही," मी म्हटले.

त्यांनी भुईवरचे माप उचलले, पदराने पुसले आणि माझ्यापुढे धरले. "सुंद्रे, धर. आजपास्नं तू. माजा हात थांबायचा न्हाय."

अशी मला नोकरी लागली. मी मागितली नव्हती. लोकांना वाटले असेल की सुनेने सासूचे काम घेतले. त्यानंतर दुसऱ्या मालकांच्या मोटारीही आमच्या छपरीत येऊ लागल्या. थंडीत बोटे गारठून जात, तेल उतरायला जास्त वेळ लागे आणि मी तशीच उभी राही. काम चांगले झाले असे मला कोणी कधी म्हटले नाही. चांगल्या कामाची खूण एवढीच की मागून धूर निघत नसे.

मी तेल घालताना आत्याबाई जवळ बसत. मी खाचेवर थांबले की त्यांचा हात मांडीवर हले आणि त्या तोंड दुसरीकडे करत. मग त्या उठत आणि वाटीभर वापरलेले तेल घेऊन गल्लीत जात. कोणाच्या विहिरीचा रहाट, कोणाच्या दाराची बिजागरी, कोणाच्या झोपाळ्याची कडी. चाचपडत जात आणि घालून येत. काही वर्षे आमच्या गल्लीत एकही दार कुरकुरत नव्हते. लोकांना ते कळलेही नसेल. न कुरकुरणारे दार कोणाच्या लक्षात येते?

आत्याबाई गेल्या. दस्तगीरभाई शेवटपर्यंत त्याच मोटारीवर होते. ते त्या दिवशी खांदा द्यायला आले. नंतर छपरीत जाऊन मोटारीपाशी बराच वेळ उभे राहिले.

मला आता तेवढे उभे राहवत नाही. थोडे गोडे तेल घरी विकायला ठेवते. शेजारची बाई वाटी घेऊन येते. मी माप भरते, तिच्या वाटीत ओतते, हात सरळ होतो आणि थांबतो. इतकी वर्षे खाचेवर थांबून थांबून तो आता कुठेही तसाच थांबतो. तिची वाटी मात्र क्षणभर पुढेच राहते. ती काही मागत नाही. या दारात वाटी तेवढा वेळ पुढे धरायची, हे तिच्या हाताला माहीत आहे. मग ती वाटी मागे घेते, बरं आहे म्हणते आणि जाते.

जाताना दार कुरकुरते.